समुद्राखालच्या दाराची रांगोळी

चूक आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला मोकळेपणानं हसता येईल. मी, बालवाडीत तीस मुलांना शिस्त लावणारी, चव्वेचाळीस वर्षांची, चष्मेवाली शहाणी बाई, एका संक्रांतीच्या सकाळी आमच्या फाटकासमोर सडा घातला आणि समुद्राच्या तळाशी झोपलेल्या एका अजस्र, नाव नसलेल्या प्राण्याला घरी यायचं आमंत्रण काढून ठेवलं. पांढऱ्याशुभ्र रांगोळीत. मधोमध झेंडूचं फूल ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि शेजारच्या अक्कांनी तर त्याला वाकून नमस्कारही केला.

तो प्राणी कॉम्प्युटरच्या खेळातला होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेल्या गोष्टी माझ्याजवळ बऱ्याच होत्या. पण माझी समजूत अशी की आपल्याला सगळं कळतं, फक्त घरातली माणसं आपल्यापासून लपवून ठेवतात.

नव्वदीची मधली वर्षं. बेंगळुरात मल्लेश्वरमला खालच्या मजल्यावर आमचं भाड्याचं घर होतं. हे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्यात होते. कारखान्यानं नवे कॉम्प्युटर घेतले तेव्हा जुन्यांतला एक ह्यांनी घरी आणला, कारण लेक इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. धूळ आणि ऊन नसलेली खोली घरात एकच, सासूबाईंची. म्हणून त्यांच्या खाटेशेजारी टेबल लागलं. मी त्या यंत्राला जुन्या इरकलीचा अभ्रा शिवला आणि खोलीच्या दाराशी चपला काढायचा नियम केला. कॉम्प्युटरला चपलांमधून रोग लागतो असं मला कुणीतरी सांगितलं होतं, आणि मी ते बालवाडीत तीन बायकांना पुढे सांगितलंही होतं.

तो खेळ मी त्याआधी एकदाच, पाच मिनिटं पाहिला होता. दिवाळीच्या सुट्टीत लेकीनं मैत्रिणीकडून तीन सीडी आणल्या होत्या. मी चकल्यांची ताटली घेऊन खोलीत गेले, तर पडद्यावर ओला, काळोखा जिना आणि त्यात खाली खाली जाणारा एक कंदील. कंदील धरलेला हात दिसत होता. हाताचा मालक कुठेच नव्हता. माणूस कुठाय, असं मी विचारलं, तर लेक मान न वळवता म्हणाली, "आपणच तो माणूस, आई."

तेवढ्यात जिन्याच्या तळातून कुणीतरी श्वास घेतला. लांब, संथ, घरभर पुरेल असा. मी ताटली खाली ठेवली आणि भिंतीतून प्लग उपटला.

लेकीचा सहा दिवसांचा खेळ गेला. ती रडली नाही की भांडली नाही, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. असली भुताटकी या घरात चालणार नाही, असं मी फर्मान काढलं. दोन दिवसांनी चौकशी केली, तर खेळ काढून टाकला असं सांगण्यात आलं. सासूबाई खाटेवर जपमाळ घेऊन बसल्या होत्या, त्यांनीही मान हलवली. आणि मी विश्वास ठेवला. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाचा भाबडेपणा असा एखाद्या भलत्याच कोपऱ्यात साठलेला असतो.

त्यानंतर दार बंद व्हायला लागलं.

मी बालवाडीतून दीडला घरी येई. लेकीची परीक्षेआधीची सुट्टी चाललेली. पूर्वी त्या वेळी सासूबाई घोरत पडलेल्या असायच्या, लेक बाहेरच्या खोलीत पुस्तकं पसरून बसलेली असायची. आता दोघी आत, दार लोटलेलं, भर दुपारी पडदे ओढलेले. मी दार ढकललं की आत काहीतरी टक् करून विझायचं. लेक वहीत बघत असायची. सासूबाई माळ ओढत असायच्या. एकदा माळ हातात उलटी होती, मेरुमणी वर, तरी ओढतच होत्या.

मी वाटी भिंतीला लावून कानही लावला. स्टीलच्या वाटीतून फक्त माझाच कान ऐकू येतो, हा शोध मला त्या दिवशी लागला.

मग जेवताना बोलणी कानावर पडायला लागली. एका रात्री आमटी वाढून घेता घेता सासूबाई अगदी सहज म्हणाल्या, "पायऱ्या मोजल्यास का गं?"

"उतरताना तेरा," लेक म्हणाली. "चढताना चौदा भरतात."

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं आणि दोघींना एकदम ताक हवं झालं.

आमच्या घराला पायऱ्या दोन. कॉलेजचा जिना सासूबाईंनी कधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी देवळात गेले तेव्हा मी तिथल्या पायऱ्या मोजल्या. उतरताना अकरा भरल्या. चढताना मोजायचा मात्र धीर झाला नाही, आणि का झाला नाही ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

पहिला संशय अर्थातच मुलगा. एकोणीस वर्षांची पोरगी, बंद दार, आजीला फितवलेलं. मी लेकीची पुस्तकं झटकून पाहिली. एक वाळलेलं पिंपळाचं पान आणि बसचा पास मिळाला. मग दुसरा संशय, कुठलातरी पंथ. कारण सासूबाई, ज्यांनी बेळगाव सोडून फारसं काही पाहिलं नव्हतं आणि समुद्र तर नाहीच, त्या मला विचारत होत्या की भरतीचं पाणी देवळाच्या आत शिरलं तर मूर्तीचं काय करतात. ह्यांच्या कानावर घातलं, तर ह्यांनी पेपर खाली न ठेवता सांगितलं की आजी-नात एका खोलीत बसतात याची तक्रार करणारी बाई बेंगळुरात तू एकटीच असशील.

खरं दुखणं तेच होतं, पण ते तसं म्हणायची सोय नव्हती. त्या दोघी हसायच्या. बंद दारामागून हसू यायचं, मध्येच थांबायचं, मग कुजबुज, मग पुन्हा हसू. मी स्वयंपाकघरात कणीक मळत त्या हसण्याची कारणं शोधायची, आणि दर वेळी कारण मीच निघायची. मला त्या खोलीत जागा हवी होती. ती मागायची कशी हे येत नव्हतं, म्हणून मी हेरगिरी करत होते.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी गाद्या उन्हात टाकताना सासूबाईंच्या गादीखाली वही सापडली.

चौकटीची वही. पानापानांवर ठिपके. सात सात, नऊ नऊ, मग उतरते. ठिपक्यांतून रेघा काढलेल्या, खोडलेल्या, पुन्हा काढलेल्या. ठिपके मांडायची पद्धत सासूबाईंची, ती मी झोपेतही ओळखली असती. शेवटच्या पानावर एक मोठी आकृती, भोवती लाल पेन्सिलीनं तीनदा वर्तुळ केलेलं. ती पुरी नव्हती. एका बाजूला रेघ सुटून उघडी राहिली होती.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि चुकीच्या उजेडाइतका लख्ख उजेड दुसरा नसतो. सासूबाई रांगोळ्या देत होत्या. घराण्याच्या ठेवणीतल्या, नातीला, मला ओलांडून.

इथे थोडं मागे जायला हवं. सासूबाईंची रांगोळी म्हणजे बेळगावात आळीभर बोलण्याचा विषय होता. मी लग्न होऊन आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी मोठ्या हौसेनं अंगणात रांगोळी काढली. त्या बाहेर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "बरी आहे. पुसायला सोपी." बस. एकवीस वर्षं मी त्या वाक्यावर काढली. त्यानंतर कधी त्यांनी शिकवलं नाही, कधी मी विचारलं नाही. दाराशी चार ठिपके, लक्ष्मीची पावलं, संपलं. बेंगळुरात आल्यावर तर आजूबाजूच्या दारांसमोर रोज सकाळी अशी काही नक्षी उमटायची की मी आमच्या चार ठिपक्यांवर पायपुसणं सरकवून ठेवायची.

शेजारच्या अक्कांनी एकदा ते पाहिलं. त्या जुन्या मल्लेश्वरमच्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मला कानडी स्वल्प येत होतं, त्यामुळे आमचं छान जमायचं. सकाळी कंपाऊंडच्या भिंतीवर ओल्या बोटानं ठिपके मांडून त्या मला दाखवायच्या. इथली तऱ्हा वेगळी. आपण ठिपक्याला ठिपका जोडतो. त्या ठिपक्याला हात लावत नाहीत, त्याच्या भोवतीनं वळसा घालत जातात, एकच रेघ, आणि जिथून निघाली तिथेच परत आणतात. माझं बोट मध्येच उचललं गेलं की अक्का हातावर हलकी चापट मारायच्या. "कै एत्तबेडी." हात उचलू नका. आणि शेवटी रेघ उघडी ठेवायची नाही, उघड्या रेघेतून नको ते घरात शिरतं, हेही त्यांनी शिकवलं. मी वर्षभर भिंतीवर पाण्यानं काढत होते. पाणी वाळून जातं, सासूबाईंना दिसत नाही.

आता पुढचं सांगायला नकोच, तरी सांगते. संक्रांतीला आमच्या क्रॉसवर, म्हणजे गल्लीत, रांगोळीची स्पर्धा असायची. प्रत्येकीनं आपापल्या फाटकासमोर काढायची, सकाळी आठला परीक्षक फिरायचे. मी कधी भाग घेतला नव्हता. त्या वर्षी नाव दिलं. वहीतलं शेवटचं पान पोस्टकार्डामागे उतरवून घेतलं, वही होती तशी गादीखाली सरकवली आणि दोन दिवस मनातल्या मनात ती सुटलेली रेघ फिरवत राहिले. भाजी चिरताना सुरीनं, मुलांना मुळाक्षरं शिकवताना खडूनं. ती सरळ जोडून मिटत नव्हतीच. बाहेरच्या ठिपक्याला मागून वळसा घालून आत यायला हवं होतं. आदल्या संध्याकाळी ताटलीत तिळगूळ थापता थापता ते सुटलं, आणि मी एकटीच स्वयंपाकघरात हसले. माझं हसू बंद दारामागे कुणी ऐकलं नाही.

सकाळी काढली. अडीच हात लांब, तेवढीच रुंद. हात एकदाही उचलला नाही. अक्का एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचा तिळगूळ, द्यायला आल्या त्या तिथेच उभ्या राहिल्या, मग चप्पल काढून नमस्कार केला. परीक्षक आले. एक निवृत्त मास्तर आणि एक बाई. मास्तरांनी विचारलं, ही कुठल्या देवाची? आणि मी, सगळ्या क्रॉसच्या देखत, छाती काढून सांगितलं की ही आमच्या घराण्यातली आहे, आमच्या सासूबाईंकडून आलेली.

मागे पाहिलं तर सासूबाई दारात उभ्या.

त्या दोन पायऱ्या उतरून आल्या, पदर सावरला, आणि रांगोळीभोवती चारी बाजूंनी फिरून पाहिलं. मी वाट बघत होते. आता बोलतील, आता सांगतील की ही वहीतून चोरलेली आहे, आणि मला पुन्हा पायपुसणं शोधायला लागेल. वहीत सुटलेली रेघ जिथे मिटली होती तिथे त्या थांबल्या. वाकल्या. तिथून हळू आवाजात नातीला हाक मारली.

लेक दात घासता घासता बाहेर आली आणि ब्रश तोंडातच राहिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं. इतकं माझ्याकडे कुणी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"आई," लेक म्हणाली, "हे तू बंद केलंस?"

"रेघ उघडी ठेवू नये," मी म्हटलं. चोरी पकडली गेली तरी माणूस शिस्त सोडत नाही.

लेक खाली वाकून ती रेघ बोटानं हवेत गिरवायला लागली. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि दोघी आत गेल्या. मला उत्तेजनार्थ म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा मिळाला. तो हातात धरून मी फाटकाशी उभी राहिले आणि माझा संशय शिगेला पोचला, कारण आतून काहीच आवाज येत नव्हता.

दुपारी जेवणं झाली. हे हॉलमध्ये आडवे झाले. मी ओटा पुसत होते तर लक्षात आलं की खोलीचं दार सताड उघडं आहे. पडदे मात्र ओढलेले. सासूबाई आतून म्हणाल्या, "ये. चपला काढून ये, तुझाच नियम आहे."

खेळ काढून टाकलेलाच नव्हता. लेकीनं सगळं पहिल्यापासून पुन्हा खेळून काढलं होतं, पण एकटीनं तो जिना उतरायची तिची छाती होत नव्हती. म्हणून आजी. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण खेळ एका बेटावरचा होता, तिथल्या प्रत्येक कुलपावर ठिपके होते, आणि ठिपके दिसले की आजीच्या बोटांना धीर धरवत नव्हता. दोन-अडीच महिने दोघी मिळून दारं उघडत समुद्राच्या तळाकडे खाली खाली गेल्या होत्या. शेवटच्या दाराशी अडकल्या. पंधरा दिवस ठिपक्याला ठिपका जोडून पाहत होत्या, आणि दार ढिम्म.

"गादीखाली हात घातलास," सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही देवाचं नाव घेत बसला होतात म्हणे."

"घेतच होते. तिथे उतरायचं म्हणजे घ्यावंच लागतं."

लेकीनं मला खुर्चीत बसवलं. माझ्या हाताखाली तो प्लॅस्टिकचा उंदीर, आणि पडद्यावर तोच हात, तोच कंदील. त्या हाताची नखं मळलेली होती हे दिवाळीत माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी उंदीर सरकवला की तो हात हलायचा. माझा हात हलला म्हणून तो हलला, की तो हलला म्हणून माझा, हे दुसऱ्या मिनिटाला सांगता येईना. तेरा पायऱ्या उतरले. खाली पाणी घोट्यापर्यंत, वर छतात एक भोक, त्यातून तारे. लेक कानाशी म्हणाली की तारे नीट बघ. पाहिले. दर वेळी मान वर केली की ते थोडे खाली आलेले असायचे.

समोर दार नव्हतंच, नुसती भिंत. राखाडी, ओलसर, दोन्ही बाजूंना कंदिलाच्या उजेडापलीकडे गेलेली. तिच्यावर ते ठिपके. आणि तो श्वास. आता तो तळातून येत नव्हता, चारी बाजूंनी येत होता.

मी बोट टेकवलं. पहिल्या ठिपक्याला वळसा. दुसरा. बाहेर भाजीवाला हुरळीकायी, हुरळीकायी ओरडत गेला आणि मला त्याचा इतका आधार वाटला की त्याच्या वजनकाट्याबद्दलचे सगळे संशय मी त्या क्षणी मागे घेतले. हात उचलायचा नाही. बाहेरच्या ठिपक्याच्या मागून. आत. मिटली.

श्वास थांबला.

मग भिंत वर गेली. सरकली नाही, दुभंगली नाही, सावकाश वर उचलली गेली, सुरकुत्या पडत. लेक अगदी बारीक आवाजात म्हणाली, "भिंत नाहीये ती. पापणी आहे."

तो डोळा पडद्यात मावत नव्हता. बुबुळाची नुसती कड दिसत होती, एखाद्या तलावाच्या काठाएवढी, आणि ती हळूहळू फिरत होती. मी वाट बघत होते की आता ते आपल्याकडे बघणार. बघितलंच नाही. आपल्यावरून फिरलं आणि पलीकडे गेलं, वर, ताऱ्यांकडे. देव कोपला तर निदान आपली दखल घेतो. भूत लागलं तरी आपल्यालाच लागतं. ह्याला आम्ही तिथे आहोत हेही कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायचंही नव्हतं. कंदील माझ्या हातातच विझला. काळोखात काही इंग्रजी अक्षरं उमटली, तिसरी सीडी घाला.

कुणीच उठलं नाही. मला जाणवलं की माझा डावा हात कुणीतरी घट्ट धरलाय आणि उजवाही. डावीकडे लेक होती, ते ठीक. उजवीकडे खाटेच्या कडेला सरकून सासूबाई. त्यांची माळ आमच्या दोघींच्या बोटांत अडकली होती. एकवीस वर्षांत त्यांनी माझा हात असा धरला नव्हता. मला वाटलं, आता काहीतरी टोचून बोलतील, म्हणून मी आधीच उठले. बाहेरची रांगोळी झाडून टाकते म्हटलं, दाराशी असलं काही नको, आणि केरसुणी आणायला स्वयंपाकघराकडे वळले.

सासूबाईंनी माझा पदर धरला. पडद्याकडेच बघत होत्या.

"पुसू नकोस ती," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून मधे तू बसत जा. आम्हा दोघींना भीती वाटते."